नमुना : छातीचं पीस

गुरुवारी पाकिटं जास्त येतात.
अजमानहून दोन, खोरफक्कानहून एक,
आणि पक्षीबाजारातली शाकिर स्वतः आणून देतो
रबरबँड लावून, चहाच्या पुड्यांसारखी.
प्रत्येकात एकेक पीस, राखाडी, हिरवं, कधी पिवळं.
मुळाशी थोडं रक्त लागतं. नुसतं गळालेलं चालत नाही.
दर वेळी सांगावं लागतं हे,
गळालेलं तर सगळ्यांकडेच असतं.

मी ते कापते, विरघळवते,
यंत्रात ठेवून पस्तीस फेऱ्या मोजते.
शोधायचं ते इतकं लहान
की जीव म्हणावं का, यावर अजून वाद आहे.
एक बंद कडं. दोन हजार अक्षरं, थोडी इकडेतिकडे.
देगलूरहून आईची पत्रं यायची ती याच मापाची,
त्यातली निम्मी ख्यालीखुशालीची.

यात ख्यालीखुशाली नाही.
कामाची वाक्यं दोनच :
मला उतरवून घे.
मला झाकून ठेव.
एक डावीकडून वाचायचं, दुसरं उजवीकडून,
शारजातल्या कुठल्याही दुकानाच्या पाटीसारखं,
जिथे दोन लिप्या दोन टोकांनी निघतात
आणि मध्ये फोन नंबरापाशी थांबतात.

त्याच्याकडे स्वतःचं यंत्र नाही.
जी पेशी आपलाच मजकूर उतरवत बसलीय
तिच्या कागदांत तो आपला कागद सरकवतो.
म्हणून कोवळं पीस.
काही उगवत असेल, तिथेच.

राजव्वाच्या पाकिटात पीस नव्हतं.
जाड कागदावर रक्ताचा ठिपका, सुकून चॉकलेटी झालेला,
आणि फोन :
"पीस ऱ्हायलंच नाही ताई. नख कापून लावले."
बोधनची ती. आमच्या नदीपलीकडची,
मराठी बोलते आणि मध्येच तेलुगूत मोजते.
मिरगाबच्या बंगल्यात आठ वर्षं कामाला.
पोपट मालकांच्या मुलाचा. मुलगा शिकायला कॅनडात,
पिंजरा जिन्याखाली.
नाव रीशा.
अरबीत रीशा म्हणजे पीस,
हे तिनं मला सांगितलं, हसली नाही.

"आधी चोच काळी चकचकीत झाली, ताई,
मला वाटलं अंगी लागतंय."
अंगावरची भुकटी संपली की चोच चमकते.
हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

अहवालावर "आढळला" लिहायला एक चौकट असते.
खाली छापलेलं : उपचार नाही. वेगळं ठेवावं.
धूळ महिनोन् महिने टिकते, एसीच्या जाळीत, पडद्यात,
माणसाच्या बाहीवर.
त्याखाली डॉक्टरांचं एक वाक्य असतं, सौम्य शब्दांत,
ते मी तिला वाचून दाखवताना गाळलं.

"माणसाला लागतं का?"
नाही.
"मग मी जवळ घेतली तर चालतं."
थोड्या वेळानं :
"वर हॉलमध्ये अठरावर एसी. कुडकुडते.
माझ्या खोलीतला मेपासून बंद आहे. तिथे नेते.
बरंच झालं."
आणि विचारलं, पायमोज्याला भोकं पाडून
घातला तर गुदमरेल का.
असल्या प्रश्नाला चौकट नसते.
लोकरीचा नको म्हटलं, सुती बघ.

मग दोन गुरुवार काही नाही.
तिसऱ्या गुरुवारी शाकिरच्या गठ्ठ्यात
एक पाकीट, वर मिरगाब.
आत एकच पीस, नखाएवढं,
मुळाशी चिमटा काढल्यासारखं आवळलेलं,
एका बाजूला वळलेलं.
सोबत चिठ्ठी, कुणाकडून तरी लिहून घेतलेली :
तपासू नका. नुसतं बघा.

मी हातमोजे घातले.
दिव्याखाली धरलं.
कड्यातलं पहिलं वाक्य बहुधा त्यातही होतं,
दुसरंही. तरी
टोकाला राखाडीत एक लाल रेघ होती,
नियमाप्रमाणे ते पिवळ्या पिशवीत जायला हवं,
गेलं,
पाच वाजता, बाकीच्या सगळ्यांनंतर.